फळ्यावरचा आकडा, पडद्यावरचा आकडा

भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या मध्यम आकाराच्या कारखान्यात सकाळची पाळी सुरू झाली की सुपरवायझर आधी भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्याकडे जातो. ताशी लक्ष्य, ताशी उत्पादन, रिजेक्शन, मशीन का थांबले त्याचे कारण असे रकाने त्यावर आखलेले असतात आणि दर तासाला ऑपरेटर मार्करने त्यांत आकडे भरतो. गेल्या काही वर्षांत या फळ्याशेजारी एक टीव्ही आला आहे. मशीनला जोडलेला सेन्सर प्रत्येक फेरी मोजतो आणि पडद्यावरचा आकडा आपोआप पुढे सरकतो. टीव्ही नवा असतो तेव्हा पहिल्या आठवड्यातच अनेकदा एक पेच उभा राहतो. दोन्ही आकडे जुळत नाहीत.

समजा, फळ्यावर तासाचे ५८ जॉब लिहिले आहेत आणि पडद्यावर ४९ दिसताहेत. मालकाला वाटते, इतके दिवस खोटे लिहिले जात होते. ऑपरेटरला वाटते, यंत्राला कामातले काही कळत नाही. खोलात गेले की दोघांचीही बाजू उलगडते. इन्सर्ट (धातू कापणारे पाते) तुटल्यामुळे मशीन दहा मिनिटे थांबले होते. ती तूट पुढच्या तासात भरून निघेल, उगाच बोलणी कशाला खायची, म्हणून ऑपरेटरने आकडा आधीच सरळ करून टाकला. सेन्सरने मात्र सेटिंगचे पहिले तीन जॉबही चांगल्यात मोजले, आणि ते तर भंगाराच्या पेटीत पडले आहेत. खरा आकडा आहे ४६. तो फळ्यावरही नाही आणि पडद्यावरही नाही.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या डिजिटल परिवर्तनाचे यश-अपयश या ४६वर अवलंबून आहे. सॉफ्टवेअर विकत मिळते, सेन्सरही मिळतो, तो बसवून देणारा माणूसही मिळतो. पण ४६ हा आकडा न घाबरता लिहिता यावा, तो मोजण्याची रीत पक्की असावी आणि तो पाहिल्यावर कामाची पद्धत बदलण्याची तयारी असावी, या तीन गोष्टी बाजारात मिळत नाहीत. पहिल्या दोन गोष्टी गुणवत्ता व्यवस्थापनातून येतात. तिसरीला व्यवस्थापनशास्त्रात संघटनेची अनुकूलनक्षमता म्हणतात. साध्या मराठीत सांगायचे तर बदलाशी जुळवून घेण्याची सवय.

पेनिसिलिनपासून पल्सरपर्यंत

हा पट्टा बदलाला नवखा नाही. १९५४ मध्ये पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि देशात पेनिसिलिन बनू लागले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्याच सुमारास टाटांची टेल्को आली, आकुर्डीला बजाज ऑटो आली. टेल्कोचा पिंपरीचा कारखाना उभारताना कंपनीचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी प्रशिक्षण विभाग आणि मशीन टूल विभाग यांना आधी स्थान दिले. गाड्या नंतर, त्या घडवणारी माणसे आणि हत्यारे आधी, असा तो क्रम होता. त्या प्रशिक्षणातून तयार झालेल्या कारागिरांच्या हातांची सफाई भोसरी-चिंचवडच्या कित्येक छोट्या गाळ्यांमध्ये आजही दिसते.

कांद्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या चाकणचे रूप पुढच्या टप्प्यात पालटले. बजाजचा कारखाना तिथे आला आणि २००१ पासून तिथून पल्सर मोटारसायकल बाहेर पडू लागली. १९९५ पासून पिंपरीत टेल्कोच्या आवारात जुळणी होणारी मर्सिडीज-बेंझ २००९ मध्ये चाकणच्या स्वतःच्या कारखान्यात गेली. त्याच वर्षी फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ महिंद्राचा आला. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी या गावांच्या शिवारात सुट्या भागांच्या कंपन्या उभ्या राहिल्या.

या साऱ्यांना एक साखळी जोडते. चाकणच्या लाईनवर बसणारा एखादा भाग निघोज्याच्या कंपनीतून येतो, पण त्यातले एक छोटे बुश भोसरीच्या गाळ्यात जॉबवर्कवर बनलेले असते आणि टेम्पोतून मोशीमार्गे नाशिक हायवेने वर गेलेले असते. म्हणून मोठी कंपनी कितीही आधुनिक झाली, तरी त्या गाळ्यातली नोंद कच्ची असेल तर साखळीची ती कडी कच्चीच राहते.

आधी मोजमाप तपासा

गुणवत्तेच्या आधुनिक शास्त्राची सुरुवात १९२४ मध्ये अमेरिकेत झाली. वॉल्टर शूहार्ट या अभियंत्याने एका पानावर एक आलेख काढून दाखवला: प्रत्येक प्रक्रियेत थोडी चढउतार असतेच. ती ठरावीक मर्यादेत असेल तर यंत्राला हात लावू नये. मर्यादा ओलांडली तर मात्र काहीतरी विशेष कारण घडले आहे, ते शोधावे. हाच तो कंट्रोल चार्ट. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० मध्ये हे शास्त्र जपानी उद्योजकांना शिकवले. पुढे डेमिंग यांनी व्यवस्थापनासाठी जी १४ सूत्रे सांगितली, त्यांतले एक कामाच्या जागेवरची भीती घालवण्याविषयी आहे. जिथे वाईट आकडा लिहिणाऱ्याला झापले जाते, तिथे पुढच्या तासापासून वाईट आकडे लिहिलेच जात नाहीत. भोसरीच्या फळ्यावर ४६चे ५८ होतात ते याच भीतीपोटी.

मोजमापाची गोष्ट जवळून पाहू. २५ मिलिमीटर व्यासाचे एक छिद्र आहे, त्यात दोन शतांश मिलिमीटर इकडे-तिकडे चालते. तेच दहा जॉब तीन तपासनिसांना द्यायचे, प्रत्येकाने ते पुन्हा पुन्हा मोजायचे आणि आकड्यांत किती फरक पडतो ते पाहायचे. मोटार उद्योगात रुळलेला ठोकताळा असा, की मोजमापातूनच येणारा फरक एकूण फरकाच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर गेज चांगले, १० ते ३० टक्क्यांत असेल तर परिस्थिती पाहून चालवायचे आणि ३०च्या वर गेला तर ते गेज किंवा मोजण्याची पद्धत बाद. कोणी मायक्रोमीटरचे रॅचेट न वापरता अंगठ्याने दाबून मोजतो, कोणी कूलंट न पुसताच मोजतो. हे दोष राहिले आणि मोजमापे वायरलेस गेजमधून थेट संगणकात जाऊ लागली, तर चुकीचे आकडे अधिक वेगाने आणि अधिक सुबक आलेखांत दिसू लागतात, एवढाच फरक.

ही शिस्त या पट्ट्यात पोहोचली ती मुख्यतः ग्राहकांच्या आग्रहामुळे. आयएसओ ९००१ हे मानक १९८७चे. मोटार उद्योगाने १९९०च्या दशकात आपली वेगळी, अधिक कडक मानके तयार केली आणि २०१६ मध्ये त्यांतूनच आयएटीएफ १६९४९ आले. मोठ्या कंपनीला थेट माल द्यायचा असेल तर हे प्रमाणपत्र जवळजवळ अटळ झाले. ऑडिटच्या आदल्या रात्री जागून फायली पूर्ण करणारे कारखाने होते आणि आहेत. पण ज्यांनी ते मनावर घेतले, त्यांच्याकडे डिजिटल यंत्रणा येण्याच्या आधीच काही गोष्टी तयार होत्या: कोणत्या टप्प्यावर काय तपासायचे याचा कंट्रोल प्लॅन, दोष कुठे उद्भवू शकतो याची यादी, प्रत्येक गेजचा क्रमांक आणि कॅलिब्रेशनची तारीख. सॉफ्टवेअर बसवणाऱ्याचे निम्मे काम तिथे आधीच झालेले असते.

साडेचारशे मिनिटांचा हिशेब

कारखान्यांत डिजिटल पडद्यावर सर्वांत जास्त दिसणारी तीन अक्षरे म्हणजे ओईई, यंत्राची एकूण परिणामकारकता. ही कल्पना जपानी टीपीएम पद्धतीतून आली. टीपीएम म्हणजे यंत्राची देखभाल हे फक्त मेंटेनन्स विभागाचे काम न मानता ते चालवणाऱ्यासह सगळ्यांचे मानणे. सेइची नाकाजिमा यांनी ती मांडली.

हिशेब सोपा आहे. आठ तासांच्या पाळीतून चहा-जेवणाची ३० मिनिटे वजा केली की ४५० मिनिटे उरतात. त्यांतली ९० मिनिटे मशीन बंद होते, म्हणजे चालले ३६०, उपलब्धता ८० टक्के. एका जॉबला एक मिनिट लागायला हवे, तर ३६० जॉब व्हायला हवेत. झाले ३०६, म्हणजे वेग ८५ टक्के. त्यांतले चांगले ३००, म्हणजे गुणवत्ता ९८ टक्के. तिन्हींचा गुणाकार केला की साधारण ६७ टक्के येतात. नाकाजिमांच्या मते उत्तम कारखान्याने ८५ गाठायला हवेत.

या हिशेबातली मेख पहिल्या दोन टप्प्यांत आहे. दिवसभर राबणाऱ्या कारखान्याला आपण ९० टक्क्यांच्या आसपास आहोत असे मनापासून वाटत असते. दोन-दोन मिनिटांचे थांबे कोणी लिहीत नाही, कारण ते लिहायलाच दोन मिनिटे लागतात. सेन्सरचा खरा उपयोग इथे आहे. माणसाला टिपता न येणारे छोटे थांबे तो टिपतो. मात्र थांबा का झाला, हे त्याला सांगता येत नाही. ते ऑपरेटरलाच सांगावे लागते आणि त्याने खरे सांगावे यासाठी त्याचा विश्वास मिळवावा लागतो.

फ्रीमाँटची शेड

या मुद्द्यावर जगात घडलेला सर्वांत बोलका प्रयोग कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट इथे एकाच कारखान्यात तीनदा पाहायला मिळतो. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना गैरहजेरी आणि खराब दर्जासाठी बदनाम होता. तो १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी मिळून ‘नम्मी’ या नावाने तो पुन्हा सुरू केला. कामगार बहुतांश जुनेच होते, यंत्रसामग्रीही फार आधुनिक नव्हती. पद्धत टोयोटाची होती: दोष दिसला तर कोणताही कामगार दोरी ओढून लाईन थांबवू शकत होता. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा जपानी कारखान्यांच्या तोडीचा झाला. त्याच दशकात जनरल मोटर्सने आपल्या इतर कारखान्यांत रोबोंवर अब्जावधी डॉलर ओतले, पण दर्जा आणि उत्पादकता त्या मानाने सुधारली नाही.

२०१० मध्ये नम्मी बंद झाली आणि ती शेड टेस्लाने घेतली. मॉडेल ३ या गाडीच्या वेळी टेस्लाने जवळजवळ सगळेच यंत्रांवर सोपवण्याचा प्रयत्न केला, उत्पादन रखडले, आणि अतिस्वयंचलन ही आपली चूक होती, माणसाला आपण कमी लेखले, असे इलॉन मस्क यांनी एप्रिल २०१८ मध्ये जाहीरपणे कबूल केले. छप्पर तेच, गाव तेच, तंत्रज्ञान वेगवेगळे. फरक पडला तो दोष दिसल्यावर काय करायचे या सवयीने.

आकुर्डी, चाकण आणि पुन्हा आकुर्डी

जुळवून घेण्याच्या सवयीचे या पट्ट्यातले ठळक उदाहरण बजाज ऑटोचे. एके काळी चेतक स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. १९९०च्या दशकात स्पर्धा वाढली, लोकांची पसंती मोटारसायकलींकडे वळली आणि ज्या स्कूटरने कंपनीला नाव दिले तिचा बाजार आटू लागला. कंपनीने चाकणला नवा कारखाना उभारला, मोटारसायकलींवर भर दिला, टीपीएम स्वीकारली आणि ती पुरवठादारांपर्यंत नेली. आपल्या कारखान्यात शिस्त आणि पुरवठादाराच्या गाळ्यात गोंधळ, अशी विभागणी चालणार नाही हे तिथे ओळखले गेले. सप्टेंबर २००७ मध्ये आकुर्डीतले उत्पादन थांबले. हा निर्णय कामगारांसाठी क्लेशदायक होता, त्यावरून मोठा वादही झाला. बदलाची किंमत असते आणि ती सगळ्यांना सारखी मोजावी लागत नाही, हे या पट्ट्याने तेव्हा जवळून पाहिले.

चाकणच्या कारखान्यात २०१० पासून डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्स कंपनीचे कोबोट आले. कोबोट म्हणजे माणसाच्या शेजारी, पिंजऱ्याशिवाय काम करणारा हलका यांत्रिक हात. मोठा औद्योगिक रोबो जमिनीत घट्ट रोवलेला असतो आणि एकच काम वर्षानुवर्षे करतो. कोबोट उचलून दुसऱ्या जागी नेता येतो, त्याला नवे काम शिकवता येते. चाकणला हा गुण महत्त्वाचा होता, कारण तिथे पल्सरबरोबर केटीएमच्या मोटारसायकली बनतात आणि पुढे ट्रायम्फच्याही बनू लागल्या. एका छताखाली अनेक मॉडेले म्हणजे लाईनची मांडणी सतत बदलणार. जुळणीवर स्त्रियाही मोठ्या संख्येने काम करू लागल्या, आणि सतत वाकून किंवा जोर लावून करायची कामे यंत्राकडे देता आली. मांडणी बदलायची सवय आधीच अंगवळणी पडली असल्यामुळे नवे यंत्र उपयोगी पडले.

जून २०२२ मध्ये आकुर्डीच्या त्याच जागेवर विजेवर चालणाऱ्या चेतकचा कारखाना सुरू झाला. वर्षाला ५ लाख वाहनांची क्षमता डोळ्यांसमोर ठेवून त्याची आखणी झाली. उत्पादन थांबल्यानंतर जवळजवळ पंधरा वर्षांनी त्या आवारात विजेवरची चेतक बनू लागली.

तक्रारीतून सुधारणा

टाटांच्या इंडिकाची गोष्ट याच्या जोडीला ठेवण्यासारखी आहे. डिसेंबर १९९८ मध्ये ही गाडी बाजारात आली. ऑस्ट्रेलियातल्या निस्सानच्या बंद कारखान्यातली यंत्रसामग्री सुटी करून जहाजाने आणून ती पिंपरीत पुन्हा उभी केली होती. मागणी प्रचंड होती, पण सुरुवातीच्या गाड्यांबद्दल तक्रारीही पुष्कळ आल्या. २०००-०१ या वर्षात कंपनीला सुमारे ५०० कोटी रुपयांचा तोटा झाला. कंपनीने ग्राहकांसाठी शिबिरे घेतली, भाग बदलून दिले, तक्रारी वर्गवार मांडून रचना सुधारली आणि २००१ मध्ये इंडिका व्ही २ आणली. ती चालली.

ग्राहकाची तक्रार, तिचे मूळ कारण, रचनेतला बदल आणि बदलाची पडताळणी हे चक्र तेव्हा कागद, बैठका आणि फोन यांवर फिरले. आज कनेक्टेड गाडी स्वतःच दोषाची माहिती पाठवते आणि हेच चक्र खूप कमी दिवसांत फिरू शकते. पण ते फिरवणारी माणसे आणि चूक मान्य करण्याची रीत नसेल तर माहितीचे ढीग फक्त साठत राहतात.

एका बोल्टची तीन नावे

छोट्या उद्योगांत डिजिटल परिवर्तन मोठ्या घोषणा करत येत नाही, ते टॅलीच्या पडद्यावरून येते. १ ऑक्टोबर २०२० रोजी जीएसटीचे ई-इन्व्हॉइस ५०० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना सक्तीचे झाले. मग ही मर्यादा पायरीपायरीने खाली आली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर उलाढाल असलेले उद्योगही त्यात आले. भोसरी-चाकणमधले शेकडो मालक संगणकीय शिस्तीकडे वळले ते अशा कायद्यामुळे आणि मोठ्या ग्राहकांच्या व्हेंडर पोर्टलमुळे.

तिथे पहिला अडथळा येतो नावांचा. स्टोअरच्या वहीत ‘एम ८ बोल्ट’, खरेदीच्या एक्सेलमध्ये ‘८ एमएम बोल्ट’ आणि डिस्पॅचच्या चलानावर ‘बोल्ट ८’. माणसाला तिन्ही एकच आहेत हे कळते, संगणकाला त्या तीन वेगळ्या वस्तू वाटतात. मग एका नावाखाली साठा शून्य दिसतो, तातडीने खरेदी होते आणि दुसऱ्या नावाखाली तोच माल रॅकवर धूळ खात पडलेला असतो. अनेक ठिकाणी महागडे ईआरपी सॉफ्टवेअर वर्षभरात पडून राहते ते याच कारणाने.

यावरचा उपाय फाइव्ह एस या जपानी पद्धतीत आधीच सांगितलेला आहे. नको ते काढा, हवे ते जागेवर ठेवा, जागा साफ ठेवा, पद्धत ठरवा, ती पाळा. जी शिस्त रॅकला, तीच वस्तूंच्या यादीला. केंद्र सरकारच्या झेड योजनेत म्हणजे ‘शून्य दोष, शून्य दुष्परिणाम’ प्रमाणपत्रात कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा तीन पातळ्या आहेत. २०२२च्या सुधारित योजनेत प्रमाणपत्राच्या खर्चावर सूक्ष्म उद्योगांना ८० टक्के, लघु उद्योगांना ६० आणि मध्यम उद्योगांना ५० टक्के अनुदान ठेवले गेले. नव्या तंत्रज्ञानाची ओळख करून देण्यासाठी पुण्यात सी४आय४ लॅब आहे, चिंचवडला ऑटो क्लस्टर आहे. मदत उपलब्ध आहे, पण वस्तूंची यादी स्वच्छ करण्याचे काम मालकाला आणि त्याच्या स्टोअरकीपरलाच बसून करावे लागते.

एका लॉटचा माग

या स्वच्छ यादीचे मोल संकटात कळते. समजा, पोलादाच्या एका लॉटमध्ये दोष निघाला. त्या लॉटचे ४०० जॉब महिन्याभराच्या ४०,००० जॉबमध्ये मिसळले असतील आणि कोणत्या पेटीत गेले याची नोंद नसेल, तर सगळे ४०,००० संशयित ठरतात. नोंद असेल तर ४०० परत मागवून भागते. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार सरकारला मिळाला आहे. त्यामुळे हा माग काढता येणे मोठ्या कंपनीची गरज बनली आणि तीच गरज बारकोडच्या रूपाने छोट्या गाळ्यापर्यंत आली.

माहिती एकमेकांना जोडली की धोकाही जोडला जातो. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या सायबर हल्ल्याने न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे संगणक ठप्प केले आणि कामे हाताने करायची वेळ आली. १ मार्च २०२२ रोजी टोयोटाने जपानमधले आपले सगळे १४ कारखाने दिवसभर बंद ठेवले, कारण प्लास्टिकचे भाग देणाऱ्या कोजिमा या पुरवठादाराच्या संगणकांवर हल्ला झाला होता. आयएटीएफने आपत्कालीन तयारीच्या यादीत सायबर हल्ल्याचा समावेश केला आहे तो यासाठी. जिथे कागदावरची पर्यायी पद्धत लिहून ठेवलेली असते आणि अधूनमधून तिची रंगीत तालीम होते, तिथे संगणक बंद पडला तरी काम थांबत नाही.

मामांच्या डोक्यातले ज्ञान

२०२० मध्ये या पट्ट्याची कसोटी लागली. १ एप्रिलपासून बीएस-६ उत्सर्जनमानक लागू होणार होते, त्यासाठी सगळी साखळी नव्या भागांकडे वळत होती. त्याच्या आठवडाभर आधी, २५ मार्चला, देशभर टाळेबंदी झाली. परगावचे हजारो कामगार घरी गेले. पुढच्या वर्षी सेमीकंडक्टरच्या तुटवड्याने लाईन्स थांबू लागल्या. या काळात कामाला आली ती एक साधी गोष्ट, भिंतीवरची स्किल मॅट्रिक्स. तीत प्रत्येक कामगाराच्या नावापुढे प्रत्येक कामासाठी एक वर्तुळ असते. त्याचा एक चतुर्थांश भरला असेल तर तो शिकतो आहे, अर्धा म्हणजे देखरेखीखाली करू शकतो, पाऊण म्हणजे एकटा करू शकतो, पूर्ण काळे म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. ज्या कारखान्यांत पूर्ण काळी वर्तुळे पुरेशी होती, तिथे निम्म्या माणसांतही लाईन उभी राहू शकत होती.

जवळपास प्रत्येक जुन्या वर्कशॉपमध्ये एखादे ‘मामा’ असतात. पस्तीस वर्षे मशीनवर काढलेले. आवाजावरून टूल झिजल्याचे ओळखणारे, पावसाळ्यात ऑफसेट किती द्यायचा ते न मोजता सांगणारे. ते निवृत्त झाले की ते ज्ञान त्यांच्याबरोबर घरी जाते. आयएसओ ९००१च्या २०१५च्या आवृत्तीने संस्थेकडचे असे ज्ञान ओळखून जपण्याची अट घातली. ती पाळायला मोबाइल फोन पुरतो. मामा सेटिंग करतात, शिकाऊ मुलगा व्हिडिओ काढतो, मशीनवर क्यूआर कोड चिकटवला जातो, पुढच्या पाळीचा ऑपरेटर तो स्कॅन करून पाहतो. खर्च किरकोळ, पण मामांना त्यासाठी वेळ आणि मान दोन्ही द्यावे लागतात. आपले काम हिरावून घेण्यासाठीच हे चालले आहे असे त्यांना वाटले, तर ते कॅमेऱ्यासमोर सेटिंग दाखवतील, त्यातली खुबी दाखवणार नाहीत.

आठ ओळींची यादी

पुन्हा भोसरीतल्या त्या टीव्हीकडे जाऊ. मशीन थांबले की शेजारच्या टॅबलेटवर कारण निवडायचे असते. सॉफ्टवेअरबरोबर आलेल्या यादीत चाळीसेक कारणे असतात, सगळी इंग्रजीत. हाताला कूलंट लागलेला, पुढचा जॉब वाट पाहतो आहे, अशा वेळी ऑपरेटर सर्वांत खालचे ‘अदर’ दाबतो. महिन्याच्या शेवटी आलेखात सर्वांत उंच खांब ‘अदर’चा असतो आणि त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

शहाणा सुपरवायझर इथे थांबून ऑपरेटरांना विचारतो, तुम्ही एकमेकांना काय सांगता? मग यादी आठ ओळींवर येते आणि मराठीत होते: इन्सर्ट तुटला, मटेरियल नाही, क्रेनची वाट, सेटिंग चालू, लाईट गेली, क्यूसीची वाट, कूलंट संपला, मशीन बिघडले. अक्षरे ठळक, हातमोज्यानेही दाबता येतील अशी. त्याबरोबर एक गोष्ट सर्वांसमोर सांगितली जाते, की या यादीवरून कोणाचा पगार कापला जाणार नाही. दोन-तीन आठवड्यांत फळ्यावरचा आणि पडद्यावरचा आकडा एकमेकांजवळ येऊ लागतात. सेटिंगचे जॉब वेगळे मोजण्यासाठी एक बटण वाढवले जाते आणि ४६ हा आकडा पहिल्यांदा दोन्हीकडे दिसतो.

गुरुवारी एमआयडीसीची सुट्टी. मशीन बंद, रस्ते शांत, चहाच्या टपऱ्या अर्ध्या उघड्या. मेंटेनन्सची दोन माणसे आणि एक ऑपरेटर कामावर आलेले असतात. स्पिंडलचे काम झाल्यावर तो ऑपरेटर टॅबलेट पुसतो आणि सुपरवायझरला फोन लावून म्हणतो, “यादीत अजून एक ओळ घाला साहेब, ‘गेज सापडत नाही’. रोज दहा मिनिटं त्यातच जातात.” शुक्रवारी पहिली पाळी लागते तेव्हा यादीत नववी ओळ आलेली असते आणि मशीनच्या बाजूला, हाताच्या अंतरावर, गेज अडकवायला एक खिळा ठोकलेला असतो.